समुद्राची खालची बाजू

विशाखापट्टणमला उतरल्यावर रिक्षावाल्याने पहिला प्रश्न विचारला, "कितने पॉइंट देखना है?" त्याच्या रिक्षाच्या आत रोप-वे, डोंगरावरचे शंकर-पार्वती आणि वाळूत ठेवलेली पाणबुडी यांचे रंगीत फोटो चिकटवलेले होते. मी म्हणाले, "एकच. जिथे परवा मुलगा बुडाला, तो." तो बिचारा चपापला आणि त्यानं रिक्षा सुरू केली. माझ्या जिभेला हाड नाही हे भुसावळच्या आमच्या अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. निवृत्तीनंतर ते आणखी बिघडलं.

बुडाला तो माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. पुण्यात नोकरीला लागून त्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं. एकाच गावात डोंगरही बघायला मिळतो आणि समुद्रही, म्हणून मित्रांबरोबर फिरायला गेला होता. सावद्याकडच्या मुलाला समुद्राचं काय अप्रूप असतं ते मला कळतं. आमच्याकडे पाणी म्हणजे तापी, विहीर आणि केळीच्या बागेतली ठिबकची नळी. पोहायला तो बापाकडून तापीतच शिकला होता आणि ते पोहणंच नडलं. मित्र गुडघाभर पाण्यात थांबले, हा पुढे गेला.

भाऊ आणि मी निघालो तेव्हा भावजय दारात उभी होती. रडणं संपलेलं होतं. नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं, "पोराले घेऊनच या. रिकाम्या हातानं येऊ नका."

"घेऊनच येईन," भाऊ म्हणाला.

तो उगाच बोलत नव्हता. आमच्या पंचक्रोशीत तापीत कुणी गेलं की बोलावणं माझ्या भावालाच येतं. त्याची एक रीत आहे. माणूस जिथं बुडाला तिथं तो केळीचं माणसाएवढं खोड पाण्यात सोडतो आणि काठाकाठानं त्याच्या मागे चालत जातो. खोड ज्या वळणावर, ज्या बाभळीत अडकेल, तिथं उडी घेतो. लोकांची माणसं त्यानं अशी हातांवर उचलून बाहेर आणली आहेत. आता स्वतःचा मुलगा आणायचा होता, आणि तो आणता येईल याबद्दल गाडीत बसल्यापासून त्याला शंका नव्हती. मला होती.

किनाऱ्यावरचा हवालदार सभ्य माणूस होता. होड्या फिरताहेत म्हणाला. समुद्र दोन-तीन दिवसांत परत देतो, पण कुठे देईल ते सांगता येत नाही, असंही म्हणाला. भावानं मला विचारलं, "अक्का, अठी खालची बाजू कोनती?"

म्हणजे पाणी वाहत जातं ती. मी ते हिंदीत विचारलं. हवालदार हळूच म्हणाला, "माँजी, समंदर में ऊपर-नीचे नहीं होता."

मी भावाला सांगितलं. त्याला वाटलं मलाच नीट विचारता आलं नाही. "पानी हाये तं कुठी तरी वाहीनच ना," तो म्हणाला.

देवळाजवळच्या बाजारात मांडवासाठी केळीचे खांब विकायला ठेवतात, तिथून रिक्षावाल्यानं एक खोड आणून दिलं. रिक्षात माझं ते उत्तर ऐकल्यापासून त्या माणसानं आमची साथ सोडली नव्हती. मुलगा जिथून आत गेला होता तिथं भावानं खोड सोडलं आणि पायजमा वर खोचून मागे चालायला तयार राहिला. लाट आली आणि खोड त्याच्या पायाशी आणून टाकलं. त्यानं पुन्हा ढकललं. पुन्हा आलं. दुपारभर हेच चाललं. सहलीला आलेल्या पोरांना तो खेळ वाटला, ती त्याच्याबरोबर ढकलू लागली. अर्ध्या चड्डीतला एक बाप्या मोबाईलवर शूटिंग करत होता. त्याला मी अस्सल भुसावळी मराठीत जे सुनावलं ते त्याला भाषेशिवाय समजलं. मोबाईल खिशात गेला.

डोंगरावरून सगळा किनारा दिसतो, असं रिक्षावाला म्हणाला. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रोप-वेच्या रांगेत उभे राहिलो. पुढे मेंदीच्या हातांची नवी जोडपी, मागे पॉपकॉर्न खाणारी कुटुंबं, मध्ये आम्ही दोघं. वर पोचल्यावर बागेतल्या छोट्या आगगाडीची शिट्टी वाजत होती. भाऊ शंकर-पार्वतीकडे न बघता सरळ कठड्याशी गेला. पाण्यावर काळं काही दिसलं की त्याचा हात कठड्यावर आवळायचा. कधी होडी असायची, कधी खडक.

एका कुटुंबानं त्याला फोटो काढायला सांगितला. त्यानं मोबाईल घेतला. त्यांच्या पाठीमागे सगळा समुद्र पसरलेला होता आणि हा माझा भाऊ त्यांना म्हणत होता, "थोडं हसा." त्यांना मराठी कळली नाही, पण सगळी हसली. मला त्या क्षणी त्या लोकांचा, त्या डोंगराचा, त्या निळ्या पाण्याचा इतका राग आला की मी तोंड फिरवलं. ते शहर सुंदर होतं, म्हणून तर जास्त राग आला.

मोबाईल परत देऊन तो माझ्याजवळ आला. "अक्का, वरून पाह्य जरा. सारं पानी काठाकडेच येऊ र्‍हायलं. मंग पोरगं आत कसं गेलं?"

सगळ्या शाळेला भूगोल शिकवलेली मी. त्याला एवढंच म्हणाले, "चल, खाली जाऊ."

मग रोज तेच. सकाळी डोंगर, दुपारी वाळू. रोप-वेचा तिकीटवाला आम्हाला ओळखायला लागला. ती पाणबुडी, दीपस्तंभ, घोडे, उंटसुद्धा, सहलीत बघून होत नाही तेवढं सगळं जाता-येता आमचं बघून झालं. भावाचं जेवण सुटलं होतं. संध्याकाळी भावजयीचा फोन यायचा आणि ती एकच विचारायची, "सापडला का?" तो म्हणायचा, "उद्या." शेवटी हवालदारानंच मला बाजूला घेतलं. घरी जा, काही कळलं तर फोन करू, म्हणाला. त्याच्या स्वरावरून मला समजलं की आता काही कळणार नाही. भावाला सांगितलं तर तो खोड घेऊन पुन्हा पाण्याकडे निघाला.

त्या दिवशी वारा पडला होता. खोड परत आलं नाही, हळूहळू आत सरकू लागलं. भावाचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "चाललं, अक्का, चाललं!" असं ओरडत तो त्याच्यामागे शिरला. कंबर, छाती, मग हात मारायला लागला. जीवरक्षकाची शिट्टी वाजली. रिक्षावाला चपलांसकट धावला, त्याच्यामागे मी, लुगड्याचं भान न ठेवता. जीवरक्षक आणि रिक्षावाला, दोघांनी भावाला काखेत धरून बाहेर ओढलं. वाळूवर आल्यावर मी त्याच्या एक थोबाडीत ठेवून दिली. आई गेल्यावर त्याच्यावर हात उगारण्याचा हक्क माझाच होता.

तो रडला नाही. "रिकाम्या हातानं तिच्यापुढे कोनतं तोंड घेऊन जाऊ?" एवढंच म्हणाला.

म्हणून मीच भावजयीला फोन लावला. काय झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती म्हणाली, "अक्का, मले ते पानी दाखवा."

मी व्हिडिओ लावला आणि मोबाईल समुद्राकडे धरला. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. मी मोबाईल हळूहळू फिरवला, डोंगरापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि पुन्हा मागे. पाण्याच्या आवाजात तिचा आवाज बारीक आला.

"याचा पल्याडचा काठ कुठी हाये?"

निथळत बसलेला भाऊच बोलला, "नाही. याले पल्याड नाही."

तिकडे कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मंग तुमी तरी घरी या."

भावानं होकाराची मान हलवली. मोबाईल समुद्राकडेच होता, तिला ते दिसलं नाही. म्हणून मीच सांगितलं, "येतो गं. दोघंही येतो."