नातीला आणायला गेलो होतो

दुधनीच्या स्टँडवर सकाळची सोलापूर गाडी धरली. खिडकीची जागा रिकामी होती तरी मी कडेला बसलो. लकव्वाला, म्हणजे माझ्या बायकोला, गाडी लागायची. खिडकी तिची. आषाढात ती गेली, आता माघ चालू आहे, पण अंगाची सवय जात नाही. पुढच्या थांब्याला एक जाडा माणूस चढला आणि माझ्या गुडघ्यावरून ओलांडून त्या जागेवर बसला. त्याची काही चूक नव्हती. मला राग आला तो आलाच.

मी मेंढरं राखणारा. शाळा चौथीपर्यंत. सोलापूरला लोकरीच्या कामाला पुष्कळ वेळा गेलोय, दिवसात परत आलोय. ह्या खेपेला काम वेगळं होतं. माझी नात भाग्यश्री, आमची भागी, तिथल्या बायकांच्या फुटबॉल क्लबात गोली (जाळीपुढं उभी राहून चेंडू अडवणारी) आहे. तिला घरी घेऊन यायचं होतं.

आमच्यात घरातलं मोठं माणूस गेलं की लग्नकार्य वर्षाच्या आत उरकतात. वर्ष उलटलं तर मग तीन वर्षं त्या घरात मांडव पडत नाही. लकव्वा गेली आणि तिच्या तेराव्यापासून पाहुण्यांनी भागीच्या लग्नाची घाई मांडली. अकलूजचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात कामाला, घर चांगलं. फक्त त्यांनी आधीच सांगितलं होतं, लग्नानंतर खेळबिळ चालणार नाही. माझा मुलगा सिद्राम, भागीचा बाप, म्हणाला, "आप्पा, बुधवारी पाव्हणे येनार हाईत. ती माझं ऐकत न्हाय, तुमचं ऐकती. घिऊनच या."

आणि भागीचा फोन आला होता. "अज्जा (आजोबा), क्लब दोन वर्सांचा करार करतोय माझ्यासंगं. सोमवारी सही हाय. ऐतवारी मॅच बघा, मग तुमी सांगाल तसं."

म्हणून मी रविवारी निघालो.

शेजारचा जाडा गप्प बसणारा नव्हता. "कुटं निघाला मामा?"

"सोलापूरला. नात फुटबॉल खेळती."

"पोरी? चड्डीवर?"

"मी धोतर खोचून मेंढरामागं पळतो तवा तुमी बघता न्हवं? तिची चड्डी माझ्या धोतरापेक्षा खाली येती."

मागच्या बाकावरच्या बाया हसल्या. मी स्वतः तिला परत आणायला निघालो होतो, पण दुसऱ्यानं तिच्याबद्दल तोंड उघडलेलं मला खपलं नाही. अक्कलकोट येईपर्यंत तो बाहेर बघत बसला.

अक्कलकोटच्या पुढं दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरलेली. मधे मधे करडई पिवळी. ज्वारी निघाली की ही रानं मोकळी होतात आणि आम्ही खतासाठी तिथं मेंढरं बसवतो. कुठल्या रानात कुणी बसवायला बोलावलं, कुठं लकव्वानं तीन दगडांवर भाकरी केली, ते सगळं मला गाडीतून दिसत होतं. दोन वर्षांपूर्वी भागीला सोलापूरला पाठवलं तिनंच. मी नको म्हटलं होतं. तिनं माझ्याशी वाद घातला नाही, नवं घोंगडं काढलं, पोरीच्या खांद्यावर टाकलं आणि तिला गाडीत बसवून आली. मग दर महिन्याला एकच बोलणं, "एकदा तिचा खेळ बघून येऊ की." मी म्हणायचो, लोकरीची कातरणी झाली की जाऊ. कातरणी झाली, पुढची पण झाली. मी नेलं नाही. हे सांगायला मला लाज वाटते, पण झालं ते असं.

सोलापूरच्या स्टँडवर उतरून रिक्षा केली. शुक्रवार पेठेत फुटबॉलच्या पोरी राहतात एवढंच ठाऊक होतं. रिक्षावाल्यानं "चादरवाल्या पोरी का? आवं, सांगा की तसं" म्हणून गल्लीच्या तोंडाशी सोडलं. आत शिरलो तर एका गल्लीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, सगळी दारं सारखी. माळावर मी अंधारात मेंढरू ओळखतो, इथं भर दुपारी फिरून फिरून त्याच किराणा दुकानासमोर आलो. शेवटी वैतागून जीभ टाळूला लावली आणि आमची हाक मारली, "हुर्र्र्र, ह्याऽ!" भागी लहानपणी माझ्याबरोबर मेंढरांमागं असायची. कळपाच्या पलीकडच्या अंगाला ती, अलीकडं मी. ह्या हाकेचा अर्थ, असशील तिथून मागं फिर.

दुकानदार बाहेर आला, दोन कुत्री भुंकली आणि वरच्या मजल्यावरचं दार उघडून भागी धावत खाली आली. अनवाणी, हातात अर्धी भाकरी.

"अज्जा! फोन करायचा की! आख्ख्या पेटंला मेंढरं केलं तुमी!"

मोठ्या दोन खोल्यांत बारा पोरी. भिंतीला बूट टांगलेले, कोपऱ्यात गाद्यांची चवड आणि सगळ्यात वर लकव्वाचं घोंगडं, घडी घातलेलं. मी तिकडं फार वेळ बघितलं नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही असं जेवण वाढलं. दात कमी झाल्यामुळं मी भाकरी दह्यात बुडवून खाल्ली. एक पोरगी म्हणाली, "आजोबा, लवकर खावा, मॅच आज हाय."

पोरींना शिकवणाऱ्या पद्माबाई तिथंच होत्या. त्यांचं घराणं विणकरांचं, घरात तेलुगू. बोलणं माझ्यासारखंच सरळ. क्लब कसा उभा राहिला ते त्यांनी सांगितलं. सुरुवातीला नऊजणी, अकरा पण भरत नव्हत्या. मैदानावर पोरांचा ताबा. ह्या पहाटे पाचला यायच्या, सहाला पोरं हाकलून लावायची. मग ह्या साडेचारला यायला लागल्या. पोरं चिडवायची, "चादरवाल्या, घरी जाऊन घड्या घाला."

"मग मीच म्हटलं, तेच नाव ठेवा," पद्माबाई म्हणाल्या. "आमच्या आईनं जन्मभर चादरी विनल्या, त्यात लाजायचं काय? शर्टावर तेच छापलं. पहिल्या वर्षी सगळ्या मॅच हरलो. आता पोरींना दर महिन्याला पगार हाय, बाहेरच्या जिल्ह्यातल्या पोरी इथं यायला बघतात. आज हरलो न्हाय तर वरच्या गटात जातो." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आजोबा, एक विचारू? पोरीला न्यायला आलाय का बघायला?"

"दोन्हीला."

"दोन्ही जमत न्हाय," त्या म्हणाल्या आणि बूट मोजायला उठल्या.

मैदानावर माणूस बऱ्यापैकी होतं. बायाच जास्त. बांधलेल्या दोरीवर त्यांनी झेंड्याऐवजी चादरी टाकल्या होत्या. मला खुर्ची दिली, मी घेतली नाही. भागीच्या जाळीमागं जाऊन काठीवर रेलून उभा राहिलो. जाळी बघून बरं वाटलं, ती आमच्या वाघरीसारखीच (मेंढरं कोंडायची जाळी). वाघरीतलं आतलं बाहेर जाऊ द्यायचं नसतं, हिच्या जाळीत बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. एवढा फरक समजला. बाकीचा खेळ मला कळला असं मी म्हणणार नाही.

पहिल्या अर्ध्यात आमच्या पोरींनी एक गोल केला. बायांनी चादरी उचलून फडकवल्या, धूळ माझ्या डोळ्यांत गेली. शेजारी चहावाला होता, त्यानं फुकट चहा पाजला. "चच्चा, वो तुमारी पोती है? शेरनी है!" मी मिशीला हात लावला.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या, तसा भागीमागून मीही पलीकडच्या जाळीमागं गेलो, चहावालाही किटली घेऊन आला. समोरच्या दोन दांडग्या पोरी चेंडू घेऊन सुटल्या. भागी जाळी सोडून त्यांच्यावर धावत गेली. मला वाटलं, तुडवतात आता पोरीला. आणि माझ्या तोंडून हाक गेली, "हुर्र्र्र, ह्याऽ!"

भागी थांबली. एक पाऊल मागं फिरली. एकच. तेवढ्यात चेंडू तिच्या बाजूनं जाळीत.

एक-एक झालं. चहावाला म्हणाला, "चच्चा, ये क्या करे तुम?" भागी चेंडू काढायला जाळीत आली. डोळे लाल. चेंडू उचलला आणि जाळीच्या पलीकडून हळू आवाजात म्हणाली, "अज्जा, हाक मारू नका. तुमची हाक आली की पाय माजे ऱ्हात न्हाईत."

मी फेट्याचा शेव (मोकळं टोक) तोंडात कोंबला आणि दातांखाली धरला.

खेळ संपत आला होता. परत त्यांचीच एक पोरगी एकटी सुटली. परत भागी जाळी सोडून पुढं गेली. हाक माझ्या गळ्यापर्यंत आली. शेव चावून धरला, काठी घट्ट केली. भागीनं त्या पोरीच्या पायांत अंग टाकलं. बूट तिच्या खांद्यावर बसला, तो आवाज मला ऐकू आला. पण उठली तेव्हा चेंडू तिच्या पोटाशी होता, नुकतंच जन्मलेलं कोकरू धरावं तसा. थोड्या वेळानं शिट्टी झाली. एक-एक बरोबरी. हरल्या नाहीत, वरच्या गटात गेल्या.

पोरी नाचत होत्या. भागी मात्र खांदा दाबत माझ्याकडं आली. "चला अज्जा. पिशवी भरते."

"पिशवी कशाला?"

"न्यायला आलाय न्हवं? पद्माबाईंनी सांगितलं. तुमी म्हंटला तर येनारच की मी."

ती खरंच आली असती. हेच मला सोसलं नाही. मी तिलाच सिद्रामला फोन लावायला सांगितला. पोरी, पद्माबाई, चहावाला, सगळ्यांसमोर बोललो.

"सिद्राम, अकलूजच्या पाव्हण्यांना सांग, येऊ नका."

"आप्पा, डोकं फिरलं का? आषाढ उलटला तर तीन वर्सं थांबाय लागंल!"

"थांबू की. दोन वर्सं क्लबाची, एक तिच्या मनाचं."

"लोक काय म्हंतील?"

"लोकांस्नी सांग, लकव्वा माजी बायकू हुती. तिचा दुखवटा मी तीन वर्सं पाळनार हाय. ज्याला लई घाई हाय त्यानं माज्यापुडं येऊन बोलावं."

सिद्रामनं फोन ठेवला. भागी घामेजलेलं डोकं माझ्या छातीला लावून उभी राहिली. पद्माबाई म्हणाल्या, "सही उद्या सकाळी दहाला. तुमी पन थांबा." मी थांबलो. रात्री लकव्वाचं घोंगडं मला पांघरायला दिलं. सकाळी भागीनं सही केली, खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. माझं नाव लिहायला वेळ लागतो. कुणी घाई केली नाही.

परतीच्या गाडीत मी खिडकीत बसलो. लकव्वाला जे दाखवायचं राहिलं ते मी एकटा बघून आलो, ह्याचं दुःख जाणार नाही, जावं असंही वाटत नाही. पण ती असताना तिचं ऐकलं नाही, ती गेल्यावर तरी ऐकलं. तिच्या जाण्याचा दाखला देऊन ज्यांना पोरीला घाईनं बांधायचं होतं, त्यांना त्याच जाण्यानं तीन वर्षं अडवलं. रीत त्यांचीच आहे. मी फक्त पूर्ण पाळतोय.

दुधनीला उतरलो तर स्टँडवर आमच्यातलेच चारजण बसलेले. बातमी माझ्या आधी पोचली होती. एकजण हसत म्हणाला, "काय म्हातारबा, एकलंच आला? हाकंला आली न्हाय व्हय नात?"

मी काठी टेकून त्याच्यासमोर उभा राहिलो.

"आली आसती," मी म्हटलं. "मीच हाक मारली न्हाय."