सारवलेली भिंत

तुमच्या घरातली भिंत शेवटची कोणी सारवली, आणि कोणाच्या सांगण्यावरून? हा प्रश्न मला एका डॉक्टरांनी विचारला. माझी वैनी तेव्हा समोरच्या खाटेवर डोळे पांढरे करून पडली होती.

"सेरेब्रल मलेरिया," ते म्हणाले. म्हणजे मेंदूत शिरलेला हिवताप. साधा हिवताप आमच्याकडे दर पावसाळ्यात येतो. माणूस कुडकुडतो, घामाघूम होतो आणि पुन्हा धानाच्या बांधीत उतरतो. वैनी मात्र तिसऱ्या दिवशी दादालाही ओळखेना. दादाने बैलबंडी जुंपली. आलापल्लीच्या सागवनातून दवाखाना गाठेपर्यंत तिला तीनदा झटके आले. तिला सातवा महिना होता.

बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. या काचेला स्लाइड म्हणतात. तिच्यावर सूक्ष्मदर्शकातून हिवतापाचे जंतू दिसतात. ती पाहूनच डॉक्टर माझ्याकडे वळले होते.

"गावात डीडीटी फवारलं होतं ना? मग भिंत कोणी सारवली, आणि कोणाच्या सांगण्यावरून?"

"बायकांनी," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं, म्हणून सहज बोलता आलं.

क्विनाइनची इंजेक्शनं सुरू झाली. क्विनाइन म्हणजे हिवतापावरचं कडू औषध. आम्ही व्हरांड्यात बसलो. चौथ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले. "बाई वाचेल. मूल पोटातच गेलं."

आता खरं सांगतो. त्या वर्षी मी घर स्वच्छ ठेवण्यावर एक पत्रक लिहून चांद्याला छापून घेतलं होतं. त्यात लिहिलं होतं: डाग पडलेली भिंत म्हणजे रोगाचं घर, दर आठवड्याला सारवा. मी घरोघर ते मोठ्याने वाचलं, दारोदार चिकटवलं. पहिली प्रत आमच्याच ओसरीवर.

पोळ्याच्या आधी फवारेवाले आले. भिंतींवर पांढरे डाग उठले. त्यांच्यातला एक फाटक्या कपड्यांतला म्हातारा वैनीला सांगून गेला की डाग राहू द्या, मच्छर त्यावर बसूनच मरतो. ती माझ्याकडे आली.

"भाऊजी, थो बुढा सारवू नोका म्हणते. तुमचा कागद सारवा म्हणते. कोनाचं आयकू?"

"त्याले सही तरी करता येते का? छापलं हाय थे आयका, वैनी."

"बरं बाप्पा, तुमी शिकले-सवरले!" ती हसली. "नाईतर पोळ्याले भुताच्या घरावानी दिसन."

चावून जड झालेला डास भिंतीवर टेकतो आणि डीडीटीने मरतो. शेणाचा एक हात फिरला की ते औषध झाकून जातं. पोळ्याच्या दिवशी आमच्या आळीतली एकही भिंत डागाळलेली नव्हती. ते पाहून मला अभिमान वाटला होता.

नवा जमाना माणसाला निवडीचा हक्क देतो, असं मी सभांतून ओरडून सांगत असे. वैनीला कसली निवड मिळाली? वाचता न येणाऱ्या बाईपुढे दोन हुकूम ठेवले, आणि त्यातला कोणता खरा हे मी ठरवलं. ते ठरवताना मी औषध पाहिलं नाही, सांगणाऱ्याचे फाटके कपडे पाहिले. आमच्या शिक्षणाने आम्हाला एवढंच शिकवलं.

नवव्या दिवशी वैनी नीट शुद्धीवर आली. नर्सबाईंनी तिला मुलाचं सांगितलं. ती रडली नाही. माझ्याकडे वळून तिने विचारलं,

"भाऊजी, मी नीट नाई सारवलं काय?"

मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "कोपरा सुटला असन तुहा."

तिने मान डोलावली. मी पाणी आणायला बाहेर गेलो.

घरी आली तेव्हा पायात बळ नव्हतं. तरी चौथ्या दिवशी तिने शेण कालवलं आणि भिंत धरत धरत कोपऱ्यापासून सुरुवात केली. तेव्हा कुठे मला बोलता आलं. दादा ओसरीवरच होता. तिने सगळं ऐकून घेतलं. हात शेणातच होता.

"मंग दवाखान्यात काऊन नाई बोल्ले?" ती म्हणाली. "कोपरा सुटला म्हणलं, तवाच त्याच्या तोंडावर बोलाचं होतं."

त्यानंतर ती माझ्याशी त्याबद्दल कधी बोलली नाही. ती जगली, ते डॉक्टरांचे उपकार. माझ्याकडे उपकाराचं काही नाही, एक विनंती आहे. फवारेवाला येऊन गेला की त्याची पुढची फेरी होईपर्यंत भिंतीला शेण-माती लावू नका. आणि माझं पत्रक कुठे चिकटवलेलं दिसलं तर फाडा. पण आधी त्या घरच्या बाईला ते वाचून दाखवा, आणि तिच्या माणसांसमोर सांगा की चूक लिहिणाऱ्याची होती, तिची नव्हती.