तीनशे चाळीस फूट वायर

सुरुवातीलाच सांगून टाकतो — भुतंखेतं, चकवा, अंगात येणं, यातलं काहीही मी कधी मानलं नाही. गणिताचा मास्तर होतो मी. ताळा केल्याशिवाय मुलांना उत्तराखाली रेघ ओढू देत नसे. पण हा एक ताळा माझा मलाच आजवर जमलेला नाही...

साठ सालानंतरची गोष्ट. माझी बदली धाकटी डहाणूच्या शाळेत झाली होती. ग्रामपंचायतीला नुकताच बॅटरीवरचा रेडिओ मिळाला होता, सोबत अ‍ॅम्प्लिफायर आणि माइक. चोरीच्या भीतीने सगळं कचेरीच्या भिंतीला बोल्ट मारून बसवलेलं. त्या एकाच सेटवर दोन भोंगे चालवायचे ठरले — एक कचेरीवर, दुसरा बंदरावर, म्हणजे हवामानाचा इशारा होडीवाल्यांच्या कानावर पडेल.

वायर निवडायला डहाणूहून नटूभाई आले. काय माणूस! असा कारागीर मी पुन्हा पाहिला नाही. पंचायतीने आणून ठेवलेली बारीक वायर त्यांनी चिमटीत धरली आणि बाजूला टाकली.

"मास्तर, लांब जायचं तर वायर जाडी पाहिजे. नाय तर आवाज रस्त्यामधीच मरून जाते."

माझ्याकडून टेपने कचेरीपासून बंदरापर्यंतचं अंतर मोजून घेतलं. तीनशे फूट. खांबांमधला झोळ आणि दोन टोकं बांधायला चाळीस वर. तीनशे चाळीस फुटांचा अखंड तुकडा त्यांनी नुसत्या नजरेने कापला. माझा स्वभाव आडवा, म्हणून मी तो दोनदा मोजला. बरोबर तीनशे चाळीस!

पावसाळा संपल्यावर एका दुपारी रेडिओवर तुफानाचा इशारा आला. ग्रामसेवक माइकवर ओरडू लागले. पण गावच्या तिन्ही मोठ्या होड्या आधीच बंदर सोडून खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या झाडीआड ओहोटीची वाट बघत नांगरल्या होत्या. वारा उलटा. भोंग्याचा आवाज तिकडे पोचेना. मी बंदरापुढे खाडीत गेलेल्या बांधाच्या टोकावर जाऊन घसा फोडून आलो, तरी कुणी वळून बघितलं नाही. त्यातल्या एका होडीवर माझे घरमालक रघुनाथदादा होते, थोरल्या मुलासह.

त्यांची बायको, जानकीवहिनी, सुकत घातलेले बोंबील तसेच टाकून धावत आल्या.

"मास्तर, भोंगा बांधाच्या टोकाला नेऊ."

"वहिनी, टोक कचेरीपासून पाचशे फुटांवर आहे. वायर पुरणार नाही."

"पुरल. तुमी नुसती सोडवत या."

त्यांनी बंदरावरचा भोंगा मासळीच्या पाटीसारखा डोक्यावर घेतला आणि चालू लागल्या. मागे बघितलंसुद्धा नाही. मी कचेरीकडून खांबाखांबावरची वायर सोडवत त्यांच्या मागे. खरं सांगतो, पावलापावलाला वाटत होतं, आता ताण बसणार, आता तुटणार... वायर येतच होती.

टोकावर पोचलो तेव्हा ती आमच्या मागे चिखलात पडली होती — थोडी सैलच! आणि भोंग्यातून ग्रामसेवकांचा आवाज खणखणीत आला, "परत फिरा! तुफान येतंय, परत फिरा!"

एका होडीचा नांगर उठला. मग दुसरीचा, तिसरीचा. जानकीवहिनी तिथेच चिखलात बसून रडल्या. मीही रडलो, लाज कसली त्यात. संध्याकाळी जे वारं सुटलं त्यात शाळेची अर्धी कौलं गेली.

दुसऱ्या दिवशी वायर गुंडाळून आणली आणि मोजली. तीनशे चाळीस. कचेरीपासून टोकापर्यंतचं अंतर मोजलं. चारशे नव्वद. तीनदा मोजलं. टेप बदलूनही मोजलं. नटूभाईंना बोलावून घेतलं. त्यांनी सगळी वायर हातातून फिरवली, कुठे जोड नाही, कुठे ओढल्याची खूण नाही.

"वायर मी चांगली दिलेली, मास्तर," ते हळूच म्हणाले. "पण एवढी चांगली नाय."

तांबं ताणलं गेलं म्हणावं, तर दीडशे फूट? मी वर्षानुवर्षं विचार केला, जाणकारांना विचारलं. त्यांना वाटलं, मास्तरांचंच मोजणं चुकलं. चुकलं नव्हतं. मोजलं त्या रात्री जेवायला बसलो तेव्हा दोन्ही मापं माझ्या वहीत लिहिलेली होती, आणि रघुनाथदादा समोर बसून वहिनींकडे आणखी भात मागत होते.