दिलशादभाईंच्या पेशवेकालीन पायऱ्या

कुवेतला वीस वर्षं एसी दुरुस्त करून दिलशाद मुकादम पनवेलला परतले, तेव्हा घरामागच्या तळ्याचं सुशोभीकरण होऊन दोन वर्षं झाली होती. पूर्वी म्हशी डुंबायच्या तिथे आता दिवे, बाकं आणि रविवारी मुंबईहून गाड्या भरून येणारी माणसं. एकाने विचारलं, "चाचा, हे तळं किती जुनं?" इतिहासात आपण दोनदा नापास झालोय, हे दिलशादभाईंना त्याच क्षणी आठवलं. तरी टोपी सरळ करून ते म्हणाले, "पेशव्यांच्या काळातलं. या पायऱ्यासुद्धा."

मग दर रविवारी गोष्ट वाढत गेली. तिसऱ्या पायरीवर एक सरदार हुक्का ओढायला बसू लागला.

"मागच्या रविवारी तो पाचव्या पायरीवर होता," बायको जास्मीन म्हणाली.

"ऊन फिरलं की जागा बदलायचा." इतकं बेमालूम खोटं कुवेतच्या शेठपुढे कधी सुचलं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

एके रविवारी सरदार रंगात आला असताना गर्दीतून एक बाई पुढे आली. जवळच्या नेरे गावाकडच्या आदिवासी वाडीवरची शुक्री.

"भाऊ, ह्या पायऱ्या आमी बसवल्या. ह्या डोक्यावर दगड वायलेत मी. सरदार कोन नव्हता. मुकादम होता, लय वरडायचा."

लोक खो खो हसले. दिलशाद मुकादमांना तळ्यात उडी मारावीशी वाटली, पण पोहता येत नव्हतं. ते घाम पुसत म्हणाले, "मग बाई, तुम्हीच सांगा."

शुक्रीने सांगितलं. गाळात पाय कसे रुतायचे, नवऱ्याच्या, अनंताच्या अंगठ्यावर कुठला दगड पडला. उद्घाटनाला मजुरांना कोणी बोलावलं नव्हतं. आज ती पहिल्यांदाच नुसतं बघायला आली होती. बोलून झाल्यावर ती आपल्याच पायरीवर बसली.

पुढच्या रविवारी दिलशादभाईंनी खरी गोष्ट सांगितली. निम्मे श्रोते भेळेच्या गाडीकडे पांगले. कॉलेजची दोन मुलं मात्र थांबली. "त्या बाई कुठे भेटतील?"

दिलशादभाईंना सांगता येईना. आयुष्यभर बडबड केली आणि शुक्रीला पुरतं नाव-गावही विचारलं नव्हतं!

दोन दिवसांनी ते विचारत विचारत वाडीवर पोचले. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "भट्टीवर गेली ती, विटा पाडायला. पावसाआधी येयाची नाय. काय सांगू?"

दिलशादभाईंनी टोपी सरळ केली. "सांगा, पनवेलचा खोटारडा येऊन गेला. म्हणावं, पुढची गोष्ट ऐकायची राहिलीय."