वसंतकाकांची चेनसॉ

या देशात मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो वसंतकाकांचा. आणि त्यांच्याशी मी जे वागलो ते गेल्या आठवड्यापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं — बायकोलाही नाही.

मी मेहकरचा. घरातला पहिलाच पदवीधर. नोकरीसाठी इथे परदेशात आलो तेव्हा नागपूरच्या या काकांनी मला दोन महिने घरी ठेवून घेतलं, बर्फात गाडी चालवायला शिकवलं. कुणी भेटलं की म्हणायचे, "हा आमचा इंजिनियर." ते ऐकायला मला आवडायचं. फारच आवडायचं.

एका सप्टेंबरात त्यांची चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची पेट्रोलवरची करवत, मागून नेली. काकांनी बजावलं होतं — काम झालं की टाकी लगेच रिकामी कर, जुनं पेट्रोल आत चिकटून बसतं. मी विसरलो. आठवलं ते डिसेंबरात, परत देण्याच्या आदल्या दिवशी. घाईघाईने ओतून टाकलं, पुसून दिली.

जानेवारीत बर्फाच्या वजनाने त्यांच्या दारात फांदी पडली. कडाक्याची थंडी. काकांनी माझ्यासमोरच ताजं पेट्रोल-ऑइल भरलं, चोक ओढला, दोरीला झटका दिला. काही नाही. पुन्हा. पुन्हा.

"टाकी वेळेवर रिकामी केली होतीस ना रे?"

"हो काका."

एवढंच बोललो. इंजिनियर ना मी — नाही कसं म्हणणार होतो? त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि दोरी ओढत राहिले. मी ओढून पाहतो, असंही म्हणालो नाही. माझ्याही हाताने सुरू झाली नसती, तर दोष कुठे आहे ते कळलंच असतं — नाही का?

शेवटी खांदा धरून ते पायरीवर बसले. काकू दारातून म्हणाल्या, "झालं ना समाधान? आता पुरे करा हे लाकडं कापणं."

काका हसले. "मशीन ठीकच आहे गं. माझ्याच हातात दम राहिला नाही. तूच घेऊन जा रे ही."

घरी आणून कार्बुरेटर साफ केला. तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. तेव्हा फोन करायला काय झालं होतं? या गोष्टीला चार वर्षं झाली. आता काका शेकोटीसाठी दुकानातून लाकडाच्या तयार मोळ्या आणतात. मातीचं पोतं उचलण्याआधी विचारतात, "मला जमेल का रे?"

गेल्या आठवड्यात पुन्हा त्यांनी तेच विचारलं. घरी येऊन पत्र लिहिलं, पोस्टात टाकलं. ते असं —

"ती. काका,
त्या दिवशी मी खोटं बोललो. पेट्रोल तीन महिने आतच होतं, कार्बुरेटर तुंबला होता. तुमच्या हातात काही कमी नव्हतं. हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं.
शनिवारी सकाळी चेनसॉ तुमच्या गॅरेजपाशी ठेवून जातो. रात्रभर घरात उबेला ठेवलेली असेल. चोक पूर्ण ओढा. एकदा फुरफुरली की अर्ध्यावर आणा. मग एक झटका. कापण्याआधी दोन मिनिटं गरम होऊ द्या — तुम्हीच शिकवलंय.
संतोष"