अपेक्षांचा रकाना

आयर्लंडमधल्या नावन गावच्या वाचनालयात महिन्यातून एका शनिवारी सकाळी आम्ही आठ-दहा बायका जमतो आणि एकाच पुस्तकावर दीड तास तोंडसुख घेतो. त्या महिन्यात एक ऐतिहासिक कादंबरी होती. पश्चिम आफ्रिकेतलं जुनं राज्य, तिथली अठरा वर्षांची मुलगी आणि मिठाच्या एका पोट सुटलेल्या व्यापाऱ्याशी ठरलेलं तिचं लग्न. मुलगी भर बाजारात सगळ्यांसमोर नाही म्हणते आणि पुढची तीनशे पानं अख्खं गाव हात धुऊन तिच्या मागे लागतं.

चर्चा सुरू झाली आणि सगळ्या माना दोघींकडे वळल्या. एक, इथल्या हॉस्पिटलात नर्स असलेल्या नायजेरियन बाई आणि दुसरी मी. ठरवून केलेल्या लग्नांच्या आम्ही तज्ज्ञ, असं परस्पर ठरलेलं होतं. नर्सबाईंनी शांतपणे सांगितलं की त्यांचा नवरा त्यांना पेट्रोल पंपावर भेटला, पंक्चर झालेल्या टायरसकट, आणि त्या जुन्या राज्याबद्दल त्यांनाही आमच्याइतकीच माहिती आहे. मग उरले मी.

मला काय, बोलायला निमित्तच हवं असतं. कादंबरीत ते स्थळ आणते मुलीची आत्या. त्या आत्याला मी सोलून काढलं. बाप एक वेळ परवडला, पण ही बया! पोरीला एकदा तरी तोंडाने विचारलं का हिने? रागात माझं इंग्रजी फार सुधारतं. बायकांनी टेबलं बडवली आणि कोणीतरी बिस्किटांचा डबा माझ्यापुढे सरकवला.

दारात माझी भाची उभी होती, मला न्यायला आलेली. माझ्या भावाची मुलगी. इथेच शिकली, आता औषधांच्या कारखान्यात नोकरी करते आणि दोन वर्षं आमच्याकडे राहते आहे. दुसऱ्या दिवशी तिला बघायला डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउनहून एक मुलगा आईवडिलांना घेऊन येणार होता. स्थळ मीच आणलं होतं. शपथेवर सांगते, ही आत्या आणि ती आत्या यांचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

तिने गाडी वाचनालयाबाहेर काढली. मग म्हणाली, "आत्या, मस्त बोललीस. मला कधी विचारलंस?"

"म्हणजे काय? बायोडाटा तूच तर लिहून दिलास."

"त्यात अपेक्षांच्या रकान्यात मी काय लिहिलं होतं?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. आमच्यात बायोडाटा मुलगी लिहिते आणि मध्यस्थ बाई तो 'नीट' करते. नीट म्हणजे उंची इंचभर वाढवायची, चष्मा लावलेला फोटो काढून टाकायचा, गव्हाळ रंगाचा गोरा करायचा. यात कोणालाच काही गैर वाटत नाही. भाचीने त्या रकान्यात लिहिलं होतं, 'सध्या लग्न करायचं नाही. कृपया आग्रह करू नये.' मला वाटलं, आगाऊपणा आहे. मी ते खोडलं आणि टाकलं, 'सुशिक्षित, निर्व्यसनी, आयर्लंडमध्ये स्थायिक.' वर नागपूरला दादाला कळवून टाकलं की पोरगी तयार आहे.

"बाबांना तोंडावर सांगितलं तर ते परत ये म्हणतील," ती म्हणाली. "म्हणून लिहून दिलं. वाटलं, तू तरी वाचशील."

मला भयंकर लाज वाटली. आणि लाज वाटली की मला भांडण सुचतं, म्हणून घर येईपर्यंत मी तिच्याशी भांडले. एवढा चांगला मुलगा, स्वतःचं घर आहे, स्वयंपाक येतो!

"मग त्याला बायको कशाला हवी?" ती म्हणाली.

घरी नवरा पाहुण्यांसाठी खोबरं खवत बसला होता. त्याला म्हटलं, थांब, आणि मुलाच्या आईला फोन लावला. "उद्याचं रद्द करू या. मुलीची तयारी नाही, आणि ते मला माहीत होतं."

"अहो, मी करंज्या तळल्यात!" त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मग दादा. तो अपेक्षेप्रमाणे कडाडला. "शेफारली आहे ती तिथे! सामान बांधून परत ये म्हणावं."

"तिचं काही चुकलं नाही, दादा. माझं चुकलं. तिने नाही म्हणून लिहून दिलं होतं. मी खोडलं आणि तुला खोटं सांगितलं."

"खोडलंस कशाला?"

"मला वाटलं, असंच करतात. माझ्या वेळी स्थळ तूच आणलं होतंस. मला तरी कुठे कोणी विचारलं होतं?"

"पण तुझं काय वाईट झालं?"

"वाईट नाही झालं." नवरा समोरच होता, खवणी हातात धरून. "चांगलंच झालं."

दादा एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस?"

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. "माहीत नाही, दादा," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. आणि त्याचंच मला रडू आलं.

"दे तिला फोन," तो म्हणाला. "मी विचारतो."

भाचीने फोन घेतला. ऐकून घेतलं. चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज नीट होता. "नाही, बाबा," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "हो, नक्की."

बस, एवढंच. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. मला वाटलं होतं, मला तिचं कौतुक वाटेल. मला तिचा हेवा वाटला.