आता स्टार मी देते

गेटवरच्या टेबलावर माझी पिशवी उलटी केली. सगळ्यांसमोर. डबा पडला, चष्म्याचं घर पडलं, गुडघ्याला लावायचं मलम पडलं, उसवलेला ब्लाउज पडला. शेवटी पेपरात गुंडाळलेला अर्धा नारळ. वॉचमनने तो हातात घेतला.

"मावशी, ये किसका?"

"माझा. मार्केटमधून घेतलाय."

"पक्का?"

बोरीवलीतला मोठा टॉवर तो. तिथे तीन घरी मी पोळी-भाजी करायचे, सगळे मला ओळखत होते. लिफ्टपाशी उभी असलेली माणसं मान वळवून माझा ब्लाउज बघत होती. एकानेही म्हटलं नाही, अरे, या तर आपल्या मावशी.

वॉचमन वाईट नव्हता हो. त्याने फोन माझ्याकडे वळवला. "क्या करूँ मावशी, आपका रेटिंग गिर गया. ऊपर से ऑर्डर है."

रेटिंग म्हणजे काय ते सांगते. सोसायटीने गेटसाठी नवीन ॲप घेतलं होतं. आम्ही आत शिरलो की मॅडमच्या फोनवर टुण्ण वाजायचं, बाई आली. त्याच ॲपमध्ये घरवाल्यांनी बाईला स्टार द्यायचे. पाचपैकी. वर आमचा फोटो, खाली स्टार. बिर्याणी मागवल्यावर देतात ना, तसे. मला होते दोन. आणि त्याखाली सातव्या मजल्यावरच्या मॅडमनी लिहिलं होतं. वॉचमनने ते मोठ्याने वाचलं.

"जेवण चांगलं करते. फार बोलते. वस्तू सांभाळून ठेवाव्यात."

माझ्या मागे सुमन उभी होती. भांडी घासते ती, माझी मैत्रीण. म्हणाली, "दोन? अगं, मी त्यांच्या फ्रीजमधला आंबा खाल्ला, तरी मला चार आहेत गं." एरवी मी हसले असते. त्या दिवशी खाली वाकून मलमाची ट्यूब उचलली.

वस्तू म्हणजे काय, तर मॅडमचं ते कानात घालायचं बिनवायरचं यंत्र. सापडत नव्हतं. मग साहेबांच्या जिमच्या बॅगेत सापडलं. "अय्या, इथे होतं होय!" मॅडम म्हणाल्या, आणि विषय संपला. त्यांचा संपला. माझ्या फोटोखाली चोर लिहिलेलं तसंच राहिलं. चोर हा शब्द नव्हता म्हणा. गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कामाला वर गेले. ओट्यापाशी उभी राहून म्हटलं, "मॅडम, वस्तू सापडली ना? मग लिहिलंय ते काढा."

"अहो मावशी, तो फीडबॅक असतो. एवढं पर्सनली नाही घ्यायचं."

साहेब टेबलावर बसून मी केलेली गरम पोळी खात होते. म्हणाले, "तुम्हीपण द्या ना आम्हाला स्टार! बघू तरी किती देता."

दोघं हसली. साहेबांना तर ठसका लागला. पाणी मीच दिलं.

त्यानंतर बाजूच्या विंगमध्ये दोन घरी काम विचारायला गेले. आधी माझ्या तोंडाकडे कुणी बघितलंच नाही, फोन बघितला. मग म्हणाले, "कळवतो." कळवणार कसले! तेव्हा कळलं, ही बाई माझ्या पोटावर पाय देऊन बसलीय. नवरा गेलाय, खोलीचं भाडं माझ्यावर आहे, आणि माझं नाव या हसणाऱ्या लोकांच्या खिशात आहे. आग लागली अंगाला. म्हटलं, ठीक आहे. स्टार पाहिजेत ना? देते.

मी सातवी शिकलेली. पण फोन माझ्याकडेही आहे, आणि दुपारी दोन तास मोकळे असतात. नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून आमची वस्ती. दारात बसून मी व्हिडिओ बघायचे, ब्लॉग कसा बनवायचा. तो शिकवणारा भराभर बोलायचा, मी थांबवून थांबवून ऐकायचे. बोटांनी टाइप जमेना, मग बोलून लिहायला शिकले. मी बोलायचे, फोन लिहायचा. 'पोळी' म्हटलं की 'होळी' लिहायचा मेला. फार बोलते म्हणून स्टार कापले होते ना? तेच बोलणं कामाला आलं.

ब्लॉगला नाव दिलं, 'या घरी काम करावं का?'

पहिला लेख लघवीवर. हो, लघवीवर. तीन घरं, प्रत्येक घरात दोन-तीन बाथरूम, इटालियन टाइल्स, आत अगरबत्ती. आणि मला एकातही जायची परवानगी नाही. सकाळी घरून निघताना पाणी प्यायचं नाही. लागली तर मांड्या आवळून पोळ्या लाटायच्या. डॉक्टर म्हणतात, मावशी, पाणी प्या, इन्फेक्शन आहे. कुठे जाऊन पिऊ? असं सगळं लिहिलं आणि खाली त्या तिन्ही घरांना स्टार दिले. शून्य.

मग आधी जिथे जिथे कामाला होते ती घरं. आपल्यासाठी एसी लावून स्वयंपाकघरातला पंखा बंद करणारं घर. तीन दिवसांची भाजी "घेऊन जा हो, आवडेल तुम्हाला" म्हणून हातात देणारं घर. कान तुटलेला कप बाईसाठी खिडकीत वेगळा ठेवणारं घर. एक म्हाताऱ्या आजी मला शेजारी बसवून चहा पाजायच्या, त्यांना पाच दिले. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. कुणाचं नाव नाही, फ्लॅट नंबर नाही. नवरा-बायकोची भांडणं, आजारपण, पोरंबाळं यातलं काही नाही. ते त्यांचं. माझ्याशी कसे वागले, ते माझं.

सुमनने लिंक तिच्या मैत्रिणींना पाठवली. मग मुलुंडहून, घाटकोपरहून, अंधेरीहून बायकांचे व्हॉइस मेसेज यायला लागले. काही रडत होत्या, काही अशा शिव्या देत होत्या की फोन कानापासून लांब धरावा लागायचा. शिव्या गाळून मी सगळं लिहिलं.

ब्लॉगवर जाहिराती लावता येतात हेही व्हिडिओतच कळलं. कंपनीने पहिल्यांदा नाही म्हटलं, अजून लिहा म्हणाले. लिहिलं. मग हो म्हटलं. लोकांनी पान उघडलं की जाहिरात दिसते, जाहिरात दिसली की माझ्या खात्यात काही जमा होतं. लघवीच्या लेखाखाली पहिली जाहिरात आली बाथरूमच्या फिटिंगची! मी आणि सुमन पोट धरून हसलो. कमाई मात्र चहा-वड्यापुरतीसुद्धा नव्हती. वाचून वाचून कामवाल्या बायका किती वाचणार? कुणाचा डेटा संपलेला, कुणाला वाचताच येत नाही.

कमाई करून दिली ती सेक्रेटरी साहेबांनी.

त्यांना लिंक कुठून मिळाली देव जाणे. त्यांनी ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. 'अर्जंट. सर्वांनी वाचा. आपल्याबद्दल आहे.' झालं. टॉवरमधली सगळी घरं तुटून पडली. तिथून बाजूच्या सोसायटीत, तिथून नातेवाइकांकडे. रोज सकाळी उठून माणसं आधी माझं पान उघडायची, आज आपलं घर आलं का बघायला. घाबरून उघडायची आणि जाहिरात बघून बंद करायची. ज्यांनी मला चोर ठरवलं ते आता दात घासत घासत माझ्या खात्यात पैसे टाकत होते.

कान तुटलेल्या कपाचा लेख काढा म्हणून मला तीन वेगवेगळ्या मॅडमचे फोन आले. तिघीही म्हणाल्या, "आमच्याबद्दलच आहे ते!" खरं तर तो कप चौथ्याच घरातला होता.

मग मला सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं. सेक्रेटरी, सातव्या मजल्यावरच्या मॅडम, आणखी चार-पाच जण. खुर्च्या होत्या. मला बस म्हटलं नाही. मी ओढली एक आणि बसले.

सेक्रेटरी म्हणाले, "मावशी, हे आजच्या आज बंद करा. नाहीतर गेटवरून एंट्री बंद."

मॅडमचा आवाज मात्र एकदम गोड. "मावशी, मी ते लिहिलेलं काढते ना. पाच स्टार देते. सगळे देतील. तुम्हाला कामं चालून येतील बघा. तुम्ही फक्त तो ब्लॉग डिलीट करा." फोन हातातच होता त्यांच्या. माझा फोटो उघडलेला. अंगठा टेकवायचा बाकी.

खोटं नाही सांगत, मी पाघळले. हेच तर मागितलं होतं मी, ओट्यापाशी उभी राहून. भाडं डोळ्यासमोर आलं. तीन घरं डोळ्यासमोर आली. आणि मग वाटलं, तेव्हा फुकट काढायचं होतं ते काढलं नाहीस. आज तुझी अब्रू चव्हाट्यावर आली तर विकायला आलीस?

मी म्हटलं, "मॅडम, एवढं पर्सनली नाही घ्यायचं."

कुणी हसलं नाही. मी उठले.

तीन घरं गेली. दुसऱ्या दिवशी वॉचमनने गेटवर हात जोडले, मी त्याला म्हटलं, राहू दे रे बाबा. ब्लॉगचे पैसे तीन घरांच्या पगाराएवढे नाहीत अजून, जवळपासही नाहीत. दोन वेळच्या डब्यांची ऑर्डर घेते, घरातच करते, ओढाताण होते. पण ते पैसे माझ्या नावावर येतात आणि ते कापायला कुणाचा अंगठा लागत नाही.

परवा मॅडमचा पुन्हा फोन आला. म्हणाल्या, नवीन बाई टिकत नाही, येतात, ब्लॉग वाचलेला असतो, जातात. "काय हवंय तुम्हाला मावशी? माफी मागू का?"

"मागू नका," मी म्हटलं. "मला माफ करायचं नाहीये."

फोन ठेवला आणि लिहायला बसले. आत्तापर्यंत मी नावं झाकली होती. झाकलेली असूनही तुम्ही एवढे घाबरलात. आता इमारतीचं नाव लिहिणार. जी सोसायटी बाईची पिशवी गेटवर उलटी करते, तिला लघवीला जाऊ देत नाही, तिच्या कमाईवर दोन बोटं फिरवून शेरा मारते, तिचं नाव, पाटीवर आहे तसं, पुराव्यासकट. बायका पुरावे पाठवतायत. केस करायची तर करा, तीही लिहीन. मी फार बोलते. अजून सुरुवात केलेली नाही.